आर्थिक संकटानंतर बँकवाल्यांना जाब कसा विचारायचा? सही कोणाची ते शोधा

मोठं आर्थिक संकट आलं की पहिले सहा महिने लोक प्रचंड चिडलेले असतात, टीव्हीवर रोज चर्चा, रस्त्यावर मोर्चे, आणि मग हळूहळू सगळं थंड पडतं, आणि ज्यांच्यामुळे हे झालं ती माणसं बोनस खिशात घालून दुसरीकडे रुजू झालेली असतात. मला हे अजिबात सहन होत नाही, म्हणून लिहितोय. लोकांचा राग खराच असतो, पण तो "सगळ्या बँका चोर" इथेच अडकतो. बँकेला तुरुंगात टाकता येत नाही. तिला दंड केला तर तो शेअरहोल्डरच्या खिशातून जातो, म्हणजे फिरून सामान्य माणसाच्या पेन्शन फंडातूनच. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: कागदावर सही कोणाची, त्या माणसाला त्या दिवशी काय माहीत होतं, आणि मुदत संपायच्या आत त्याच्यापर्यंत पोचायचं कसं.

सुरुवात कागदांपासून, आणि ती आजच. संकट आलं की बँका विलीन होतात, शाखा बंद होतात, वेबसाइट बदलते, तुमचं जुनं लॉगिन चालेनासं होतं. म्हणून स्टेटमेंट, कर्जाचा करार, योजनेचं माहितीपत्रक, एजंटचे मेसेज, ईमेल, सगळं डाउनलोड करून ठेवा, वेबपेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या, आणि मूळ प्रत कोणालाही देऊ नका, "साहेबांना दाखवून परत देतो" म्हणाले तरी नाही. फोनवर कोणी काही कबूल केलं तर त्याच दिवशी "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून त्यालाच ईमेल टाका, तो उत्तर देईल न देईल, तुमच्याकडे तारीख राहते.

आता कागद वाचायचा कसा, ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका योजनेत पैसे अडकलेल्या लोकांच्या फायली लावायला मी मदत करत होतो. त्यात एका निवृत्त काकूंचा रिस्क प्रोफाइलचा फॉर्म होता. सहा प्रश्न, सहाही ठिकाणी "जास्त जोखीम चालेल" वर टिक. टिक काळ्या पेनाचे, ठसठशीत, आणि खाली काकूंची सही निळ्या शाईतली, थरथरत्या हाताची. मी विचारलं, "काकू, हे टिक तुम्ही केलेत का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाळा, त्यांनी पेन्सिलने फुली मारून दिली होती, तिथे मी फक्त सही केली." फुली पुसलेली होती पण उजेडात धरली की दिसत होती. आणि अगदी खाली कोपऱ्यात विकणाऱ्याची छोटी सही, त्याचा एम्प्लॉयी कोड, आणि तारीख काकूंच्या सहीनंतर दोन दिवसांची. मग बाकीच्या फायली काढल्या तर अकरा फायलींवर तोच कोड, तेच काळे टिक. तोपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं की आपणच मूर्ख ठरलो, नीट वाचलं नाही. त्या दिवसापासून सगळे एका टेबलाशी बसून बोलायला लागले.

म्हणजे करायचं काय, तर एक साधी एक्सेल शीट करा: तारीख, कागद कोणता, सही किंवा कोड कोणाचा, त्यात काय लिहिलंय, आणि प्रत्यक्षात काय घडलं. दहा-पंधरा जणांचे कागद त्यात भरले की पॅटर्न आपोआप वर येतो, आणि एखाद्या तपास अधिकाऱ्याला भाषण नको असतं, त्याला ही शीट हवी असते.

दुसरं, नेमकी तक्रार कशाची आहे ते वेगळं करा. धंदा चुकला, जोखीम अंगाशी आली, बाजार कोसळला, हा गुन्हा नाही, आणि त्यावर ओरडत बसलात तर पहिल्याच सुनावणीत समोरचा वकील तुम्हाला गुंडाळून ठेवेल. चुकीचं सांगून विकलं, हा वेगळा मुद्दा, त्यात नुकसानभरपाई मिळू शकते. आणि माहीत असून खोटं दाखवलं, हा गुन्हा. ही तिसरी गोष्ट शोधायची जागा म्हणजे बहुतेक वेळा तिमाहीचा शेवट. लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेचंच बघा, १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरीत गेली. त्यांची "रेपो १०५" नावाची एक युक्ती होती. १०५ डॉलरचे रोखे तारण द्यायचे, १०० डॉलर रोख घ्यायचे, खरं तर हे काही दिवसांचं कर्ज, पण वहीत "विक्री" म्हणून लिहायचं, आलेल्या पैशातून दुसरी देणी भागवायची, ताळेबंद हलका दाखवायचा, आणि तिमाही संपली की रोखे परत घ्यायचे. २००८ च्या दुसऱ्या तिमाहीच्या शेवटी अशा रीतीने जवळपास ५० अब्ज डॉलर ताळेबंदावरून गायब होते. हे बाहेर आलं ते मार्च २०१० मध्ये, कोर्टाने नेमलेल्या तपासनीसाच्या २२०० पानी अहवालातून. आणि कंपनीतल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मे २००८ मध्ये वरिष्ठांना हिशोबाबद्दल लेखी पत्र दिलं होतं, त्याला पुढे काही आठवड्यांतच घरी बसवलं. लेहमनच्या एकाही बड्या अधिकाऱ्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही, ही गोष्ट मला आजही बोचते.

असं लेखी पत्र देणारा आतला माणूस सापडला तर त्याला सांभाळा. त्याचं नाव ग्रुपवर टाकू नका, त्याला आधी स्वतःचा वकील गाठायला सांगा. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक या वित्तक्षेत्र सुधारणेच्या कायद्यानंतर अशा माणसाच्या माहितीवरून १० लाख डॉलरच्या वर दंड वसूल झाला तर त्यातला १० ते ३० टक्के हिस्सा त्याला मिळतो, शिवाय नोकरीच्या संरक्षणाची तरतूद आहे. तुमच्या देशात काय आहे ते आधी तपासा, मगच त्याला पुढे यायला सांगा.

तक्रार एका पानाची लिहा. खरंच, एकाच. कोण, कधी, किती, कोणाच्या सहीने, काय हवंय. बाकी सगळं जोडपत्रात. आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे, पोच घ्यायची, ठरलेल्या मुदतीत उत्तर नाही आलं की बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल किंवा बँकांवर देखरेख ठेवणारा नियामक. लोकांना वाटतं याने काय होणार. ब्रिटनमध्ये पीपीआय नावाचा कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा होता, ज्याला त्याचा कधीच उपयोग होणार नव्हता अशालाही विकला, आणि तिथे लोकांनी एकेकट्याने साध्या तक्रारी टाकत टाकत बँकांकडून ३८ अब्ज पाउंडच्या वर परत घेतले. तक्रारींची शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९, आणि जे "बघू नंतर" म्हणत राहिले त्यांचं राहिलंच.

तारखेवरून आठवलं, मुदतीचं प्रकरण सगळ्यात जास्त लोकांना बुडवतं. जवळपास प्रत्येक दाव्याला आणि अनेक गुन्ह्यांनाही मुदत असते, आणि समोरचे वकील वाटाघाटी, पुढची मीटिंग, नवीन कमिटी असं करत नेमकी तीच संपवतात. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न "जिंकू का" हा नको, "शेवटची तारीख कोणती" हा विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एकट्याने जमत नसेल, आणि बहुतेक वेळा जमत नाहीच, तर स्पेनचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. बँकिया २०११ मध्ये शेअर बाजारात आली, लाखो छोट्या लोकांनी शाखेतल्या माणसाच्या शब्दावर शेअर घेतले, आणि वर्षभरात बँक सरकारच्या पैशावर जगायला लागली. काही नागरिकांनी २०१२ मध्ये एकत्र येऊन बँकेचे माजी अध्यक्ष रोद्रिगो रातो यांच्यावर खटला भरायचं ठरवलं, कोर्टाच्या खर्चासाठी इंटरनेटवर वर्गणी मागितली आणि हवी ती रक्कम एका दिवसात जमली! आतल्या लोकांनी ईमेल पुरवले, त्यातून संचालकांच्या "काळ्या कार्डां"चं प्रकरण उघडं पडलं, कंपनीच्या क्रेडिट कार्डवर वैयक्तिक खर्च, २००३ ते २०१२ मध्ये जवळपास १.२ कोटी युरो. २०१७ मध्ये रातोंना साडेचार वर्षांची शिक्षा झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ते तुरुंगात गेले. मूळ शेअर विक्रीच्या खटल्यात मात्र २०२० मध्ये ते निर्दोष सुटले, हेही लक्षात ठेवा. पण छोट्या शेअरधारकांना २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पैसे परत मिळायला लागले होते. म्हणजे एकाच प्रकरणात तीन दारं ठोठावली होती म्हणून दोन उघडली.

सरकारने पैसा ओतला असेल तर तो कोणाला, किती, कशाच्या तारणावर, हे विचारायचा हक्क करदात्याला आहे. माहितीच्या कायद्याखाली अर्ज करा, नकार आला तर अपील करा. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, संकटात कोणत्या बँकांना कर्जं दिली ते सांगायला नकार दिला, तेव्हा ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २००८ मध्ये दावा टाकला आणि मार्च २०११ मध्ये ती कागदपत्रं बाहेर काढली. जवळपास अडीच वर्षं लागली. अर्ज मोघम करू नका, "सर्व माहिती द्या" असं लिहिलं की फेटाळायला सोपं जातं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतची यादी मागा.

चौकशी समितीची मागणी तर सगळेच करतात, पण समिती कशी हवी ते कोणी बोलत नाही. तीन गोष्टींवर अडून बसा: शपथेवर साक्ष घ्यायचा अधिकार, बँकेचे आतले कागद जबरदस्तीने मागवायचा अधिकार, आणि सगळं उघड सुनावणीत. १९३३ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीला फर्डिनांड पेकोरा हा वकील मिळाला, महिन्याला २५५ डॉलर पगारावर, आणि त्याने नॅशनल सिटी बँकेचे अध्यक्ष चार्ल्स मिचेल यांना साक्षीला बसवून शांतपणे एकेक कागद समोर ठेवला. बायकोला शेअर विकून तोटा दाखवला आणि १९२९ सालचा इन्कम टॅक्स एक पैसा भरला नाही, हे खुद्द मिचेलनी कबूल केलं, आणि काही दिवसांत राजीनामा. त्याच वर्षी ठेवी घेणारी बँक आणि शेअरचा धंदा वेगळा करणारा ग्लास-स्टीगल कायदा आला, पुढच्या वर्षी शेअर बाजारावर नजर ठेवणारी एसईसी ही सरकारी संस्था स्थापन झाली. आइसलँडमध्ये तर एप्रिल २०१० मध्ये चौकशीचा दोन हजारांवर पानांचा अहवाल आला तेव्हा राजधानीतल्या नाटकगृहातल्या कलाकारांनी तो रंगमंचावरून रात्रंदिवस सलग मोठ्याने वाचला. मला हे फार भारी वाटतं. तुमच्याकडे अहवाल आला तर वाचन ठेवा, दहा माणसं आली तरी चालतील.

त्याच आइसलँडने विशेष सरकारी वकील म्हणून एका छोट्या गावातला पोलीस प्रमुख नेमला, बँकवाल्यांशी काही देणंघेणं नसलेला. काउपथिंग बँकेने सप्टेंबर २००८ मध्ये जाहीर केलं होतं की कतारच्या एका शेखने आमचे ५ टक्के शेअर घेतले, लोकांना वाटलं बँक मजबूत आहे, आणि तपासात निघालं की ते पैसे बँकेनेच कर्ज म्हणून दिले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बँकेच्या सीईओसकट चौघांना दोषी ठरवणं कायम ठेवलं आणि ४ ते साडेपाच वर्षांच्या शिक्षा दिल्या. अमेरिकेतही १९८० च्या दशकातल्या बचत-कर्ज संस्थांच्या घोटाळ्यात एक हजाराच्या वर लोक दोषी ठरले होते, कारण नियामकच हजारो प्रकरणं उचलून तपास यंत्रणेकडे पाठवत होते, पण २००८ नंतर ते पाठवणंच जवळपास बंद पडलं. म्हणून नियामकाला दर तीन महिन्यांनी लेखी विचारा: फौजदारी तपासासाठी किती प्रकरणं पाठवली? आकडा शून्य आला तर तो आकडा घेऊनच लोकप्रतिनिधीकडे आणि पत्रकाराकडे जा.

मग एक दिवस मोठ्या दंडाची बातमी येते. बँक ऑफ अमेरिका, ऑगस्ट २०१४, १६.६५ अब्ज डॉलर. टाळ्या वाजवायच्या आधी सरकार आणि बँकेतल्या तडजोडीचा मजकूर मिळवा आणि बघा की चूक कबूल केलीये का, कोणा माणसाचं नाव आहे का, दंडाची रक्कम खर्च दाखवून करात सूट घेता येते का, ग्राहकांना थेट किती मिळणार, आणि बोनस परत घेतले का. अमेरिकेतले न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी २०११ मध्ये सिटीग्रुप या बँकेची २८.५ कोटी डॉलरची तडजोड याच कारणासाठी अडवली, की खरं काय घडलं हे कबूलच नाही तर मी मंजूर कशाला करू, २०१४ मध्ये अपिलात ते उलटलं पण प्रश्न सगळ्यांच्या तोंडी झाला. ब्रिटनने मार्च २०१६ पासून नियम केला की बँकेतल्या प्रत्येक वरिष्ठाच्या जबाबदाऱ्या नावानिशी लिहून ठेवायच्या. हीच मागणी करा, कारण मग पुढच्या वेळी "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही.

नवे नियम बनताना हरकती मागवतात तेव्हाही गप्प बसू नका, तिथे बँकांचे वकील रांग लावून असतात आणि सामान्य माणूस फिरकत नाही. बँकांनी स्वतःच्या फायद्यासाठी सट्टा खेळू नये अशा अमेरिकेतल्या व्होल्कर नियमाच्या वेळी, बड्या बँकांविरुद्धच्या ऑक्युपाय आंदोलनातल्या एका गटाने, ज्यात स्वतः वित्तक्षेत्रात काम केलेले लोक होते, फेब्रुवारी २०१२ मध्ये ३२५ पानांचं कलमवार पत्र दिलं आणि अंतिम नियमात त्याचे अनेकदा दाखले आले. तुम्ही तीन पानं द्या, पण "कलम अमुक, शब्द तमुक, त्याऐवजी हा शब्द" असं द्या.

आणि हे सगळं पाच-सात वर्षं चालणार हे गृहीत धरून माणसं वाटून घ्या. एकाकडे कागद, एकाकडे तारखा, एकाकडे पत्रकार. फायलीचा दुसरा संच वेगळ्या घरी ठेवा, शक्यतो ग्रुपमधल्या तरुण कोणाकडे, आणि त्या संचाच्या पहिल्या पानावर मुदतीच्या सगळ्या तारखा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.