थंडीत अळ्यांचं बियाणं कसं सांभाळाल?

मार्गशीर्ष लागला की निफाड तालुक्यात पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर निघताना दिसतो. मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार रात्र जागून काढतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांवर आल्याची बातमीही बहुतेक हिवाळ्यांत येते. त्याच रात्री परसातल्या शेडमध्ये ब्लॅक सोल्जर फ्लाय (बीएसएफ) या काळ्या माशीच्या, ओला कचरा खाणाऱ्या अळ्यांचे ट्रे उघडे पडलेले असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मग जानेवारीत फोन येतात, ‘अळ्या खात नाहीत’, ‘माश्या अंडीच घालत नाहीत’, ‘सगळं बियाणं गेलं’. गावरान कोंबड्यांसाठी, शेततळ्यातल्या माशांसाठी किंवा पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी ज्यांनी घरी अळ्या पाळल्या आहेत, त्यांच्यासाठी हा सल्ला.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपल्याकडची थंडी रात्रीची असते. नाशिक, धुळे, नगर, गोंदिया, कुठेही पाहा, पहाटे ८ अंश असले तरी दुपारी २६-२८ अंश होतात. त्यामुळे चोवीस तास अख्खी शेड तापवण्याचा खर्च करू नका. दिवसाची ऊब धरून ठेवा आणि रात्री फक्त बियाण्याला ऊब द्या. बियाणं म्हणजे अंडी, पहिल्या पाच-सहा दिवसांच्या बारीक अळ्या आणि पुढच्या पिढीसाठी राखलेले कोष. मोठ्या अळ्या थंडीत सुस्तावतात, वाढ लांबते, पण त्या लगेच मरत नाहीत. अंडी आणि बारीक अळ्या मात्र एका रात्रीत हातच्या जातात.

बीएसएफच्या अळीला २७ ते ३० अंश मानवतात. २० च्या खाली तिचं खाणं मंदावतं आणि १५-१६ ला वाढ जवळपास थांबते. अंडी २७-२८ अंशांत चार दिवसांत फुटतात, १६ च्या खाली ती फुटण्याची आशा धरू नका. ट्रेची तब्येत कानानेही कळते. भुकेल्या, उबेतल्या अळ्यांच्या ट्रेजवळ कान नेला तर सुपात तांदूळ पाखडल्यासारखी सळसळ ऐकू येते. थंड पहाटे तोच ट्रे मुका असतो. अळ्या वर दिसत नाहीत, मधोमध तळाशी एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या असतात. त्या गोळ्यात बोट घाला. आत कोमट लागलं तर चिंता नाही, बाहेरच्या खाद्याइतकंच गार लागलं तर आज संध्याकाळपासून उबेची सोय करा.

अळ्यांची स्वतःची ऊब मोठी असते आणि ती फुकट मिळते. दाटीने खाणाऱ्या अळ्यांच्या थरात बाहेरच्या हवेपेक्षा १०-१५ अंश जास्त तापमान सहज चढतं. म्हणून हिवाळ्यात ट्रे वाढवू नका, कमी करा. उन्हाळ्यात चार ट्रेमध्ये पसरलेल्या अळ्या आता दोनच ट्रेमध्ये घ्या आणि थर तीन-चार बोटं ठेवा. खाद्याची वेळही बदला. सकाळी गार खाद्य टाकण्याऐवजी दुपारी चार-साडेचारला, ट्रे दिवसभराच्या उन्हाने उबदार असताना, कोमट पाण्यात भिजवलेला कोंडा किंवा भाजीचा चुरा द्या. अळ्या रात्रभर खातात आणि त्या खाण्याची उष्णता रात्रीच कामी येते. मात्र खाद्य उन्हाळ्याच्या निम्मंच द्या. थंडीत न खाल्लेलं खाद्य कुजतं, अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबतो आणि अळ्या थंडीने मेल्या असं समजून आपण आणखी झाकत बसतो. ओलही बेताची हवी. मुठीत दाबल्यावर बोटांतून दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये. सडका टोमॅटो, द्राक्षांचा चोथा असलं पाणीदार काही घालायचं असेल तर त्यात सुका गव्हाचा कोंडा मिसळा. ओलं खाद्य सुकताना उष्णता खातं, हे माठातल्या पाण्यावरून आपल्याला ठाऊकच आहे.

बियाण्याची पेटी

मासळीबाजारात बर्फ-मासळीचे थर्माकोलचे खोके मिळतात. दोन आणा, स्वच्छ धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा आणि एकात एक बसवा, नाहीतर थर्माकोलच्या सुट्या शीटची पेटी करा. भिंतीची जाडी दोन इंच भरली पाहिजे. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत बाहेर ९ अंश असताना आत २७ राखायला साधारण ३०-३५ वॅट लागतात, म्हणजे ४० वॅटचा एक पिवळा बल्ब पुरतो. रात्रीच्या बारा तासांना अर्धं युनिट वीज लागते. तीच पेटी एक इंची थर्माकोलची केली तर उष्णता दुप्पट निसटते आणि ४० चा बल्ब कमी पडतो. पैसे बल्बवर घालण्याआधी भिंतीवर घाला असं मी म्हणतो ते याच हिशोबाने. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही.

बल्ब उघडा लावू नका. थर्माकोल तापून वितळतं आणि पेट घेतं. मातीची कुंडी उपडी ठेवून, भोकातून वायर घेऊन, चिनीमातीच्या होल्डरमध्ये बल्ब कुंडीच्या आत बसवा. कुंडी फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि थर्माकोलपासून चार-पाच इंच दूर. माती सावकाश तापते आणि सावकाश निवते, शिवाय उजेड झाकला जातो, कारण या अळ्या उजेडापासून पळतात. अंडी उबवण्याच्या पेटीला जो डिजिटल थर्मोस्टॅट लावतात तोच इथे लावा, २७ ला चालू, २९ ला बंद. त्याचा सेन्सर ट्रेच्या उंचीवर आणि बल्बपासून दूर हवा. पेटी शहाबादी फरशीवर टेकवू नका, खाली लाकडी पाट किंवा सुक्या पाचटाची चळत घाला. दोन्ही अंगांना पेन्सिल जाईल एवढं एकेक भोक ठेवा, कारण अळ्यांनाही श्वास लागतो. आत पाण्याची वाटी ठेवा, नाहीतर बल्बच्या कोरड्या उबेने अंडी सुकतात. आणि झाकणावर आतून थेंब जमले तर वाटी काढून घ्या.

बल्बची जोडणी घरच्या मीटरवरून करा, शेतीपंपाच्या लाइनवर भरवसा ठेवू नका. जिथे रात्री वीज जाते तिथे २० लिटरचा कॅन वापरा. चुलीवर किंवा सौर बंबात तापवलेलं ५० अंशांचं पाणी भरून, घट्ट बूच लावून पेटीच्या तळाशी ठेवा, वर लाकडी पट्ट्या, त्यावर ट्रे. हे पाणी २५ अंशांपर्यंत निवेस्तोवर जेवढी उष्णता सोडतं, तेवढी ६० वॅटचा बल्ब साडेनऊ तासांत देतो. मला तर वीज असलेल्या घरातही हाच उपाय आवडतो. त्यात जळण्याची भीती नाही आणि बिघडण्यासारखंही काही नाही.

गोठा असेल तर उकिरडाही आहे. ताजं शेण आणि भुसा-पाचट यांचा कमरेएवढा ढीग आठवड्याभरात आतून ५०-६० अंशांवर जातो. त्यावर वीतभर कोरड्या मातीचा थर देऊन पेटी ठेवली तर ऊब खालून मिळत राहते. पहिले दोन दिवस अळ्या न ठेवता नुसता थर्मामीटर ठेवून बघा. ढीग कधी जास्तच पेटतो, आणि ४० च्या पुढे अळ्या ट्रेच्या काठावरून चढून पळायला लागतात, ४५ च्या पुढे मरतात.

शेड पत्र्याची असेल तर आणखी एक करा. पत्रा रात्री आपली सगळी उष्णता मोकळ्या आकाशाला देतो आणि पहाटे त्यावर आतून दव धरतं. ते थेंब ट्रेवर पडतात. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून गोणपाट किंवा जुनं ताडपत्रीचं छत ताणा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र अजिबात पेटवू नका. तिचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याने झोपलेली माणसं दगावतात. मच्छर अगरबत्ती, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे यांपैकी काहीही त्या खोलीत चालत नाही. डास मारणारं औषध तुमची माशी आणि अळी ओळखत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका रात्री वारं सुटलं म्हणून मी ट्रंकेतली जुनी गोधडी काढून मीलवर्मच्या, म्हणजे पक्ष्यांना घालतात त्या भुंग्याच्या पिवळ्या अळ्यांच्या, पेटीवर चार पदरी घातली. सकाळी झाकण उघडलं तर भुंगे उताणे, पाय आखडलेले. गोधडी झटकली तेव्हा घडीतून दोन डांबरगोळ्या टपकल्या. उबेने त्या जास्तच दरवळल्या होत्या. तीन महिन्यांचं पैदाशीचं बियाणं एका रात्रीत गेलं. तेव्हापासून पांघरुणाला मी फक्त गोणपाट वापरतो, तेही ज्यात खत किंवा औषध भरलेलं नव्हतं असं.

माशी, ऊन आणि अंडी

पेटीने अंडी आणि अळी सांभाळली जाते, पण माशीला ऊन हवं. बीएसएफची माशी पाच ते आठ दिवस जगते, खात नाही, फक्त पाणी पिते, आणि तिचा मेळ भरपूर उजेडात, २६-२७ अंशांच्या पुढेच नीट जमतो. ढगाळ, गार दिवशी माश्या जाळीला चिकटून बसून राहतात आणि आयुष्य तसंच संपतं. म्हणून मच्छरदाणीचा पिंजरा दक्षिणेकडच्या भिंतीला टेकवा, मागे काळा कापड लावा, सकाळी दहा ते तीन ऊन लागू द्या आणि संध्याकाळी पिंजरा आत घ्या. पुठ्ठ्याच्या नळ्यांत किंवा लाकडी पट्ट्यांच्या फटीत घातलेली अंडी त्याच दिवशी पेटीत हलवा. एक मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते, त्यामुळे पाच-दहा चांगले पुंजके वाचले तरी ट्रे भरतो.

सगळेच काळे पडलेले कोष एकदम पेटीत घालू नका. थोडे कोरड्या कोकोपीटमध्ये, घरातल्या १५-१८ अंशांच्या गार कोपऱ्यात ठेवा. तिथे ते लवकर उमलत नाहीत, आणि आठवडाभर आभाळ आलं तरी राखीव बियाणं हाताशी राहतं.

मीलवर्मला २५ ते २८ अंश पुरतात आणि ती १० अंशांतही तग धरते, पण भुंगे अंडी घालणं थांबवतात. तेव्हा पेटीत जागा भुंग्यांच्या ट्रेला द्या, अळ्यांचा ट्रे घरात कपाटावर चालेल. गाजराचे काप रोज बदला, बुरशी उबेत झपाट्याने चढते. सुपरवर्म, म्हणजे तशीच पण मोठी अळी, थंडी सोसत नाही, तिला फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. कोकणात आणि गोव्यात यातलं फारसं काही लागणार नाही.

संक्रांत झाली म्हणून लगेच पेटी उचलून ठेवू नका. सलग आठ रात्री पहाटेचा पारा १५ च्या वर राहिला की आधी दिवसा झाकण उघडा, मग थर्मोस्टॅट दोन-दोन अंशांनी खाली आणा. राखीव कोष त्याच्या तीन आठवडे आधी पेटीत आणले, तर पेटी रिकामी होईपर्यंत पिंजऱ्यात नव्या माश्या उडायला लागलेल्या असतील.