अकरावी-बारावीचा भूगोल : या चुका टाळा

कला शाखेत ‘स्कोअरिंग’ म्हणून भूगोल घेतात आणि मग सनावळीसारखा घोकत बसतात. लेखीचे ८० आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. त्यातले नकाशावरचे गुण घोकंपट्टीला दाद देत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ नकाशा प्रमाणाचा, म्हणजे नकाशावरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांच्या गुणोत्तराचा. १:५०,००० आणि १:१०,००,००० यांतलं मोठं प्रमाण कोणतं? बरेच जण दहा लाखांवर बोट ठेवतात. अहो, हा अपूर्णांक आहे! छेद वाढला की प्रमाण लहान होतं, म्हणून मोठं प्रमाण पन्नास हजाराचं. या प्रमाणात १ सेंमीला ५०० मीटर, इथवर सगळ्यांना जमतं. क्षेत्रफळ आलं की गाडी घसरते. २ सेंमी बाजूचा चौकोन म्हणजे ४ चौ. सेंमी, त्याला अर्ध्याने गुणून २ चौ. किमी लिहून मोकळे. खरं तर बाजू १ किमीची, म्हणजे क्षेत्र १ चौ. किमी. आधी लांबी बदला, गुणाकार मग. नकाशाची झेरॉक्स लहान-मोठी निघाली तर छापलेलं अंकप्रमाण (१:५०,००० असं आकड्यांतलं) चुकीचं ठरतं; रेषाप्रमाण (नकाशावर आखलेली मापाची पट्टी) नकाशासोबतच आखडतं किंवा ताणतं, म्हणून तेवढं खरं राहतं. तोंडी परीक्षेत विचारायला हा प्रश्न फार सोयीचा.

स्थलनिर्देशक नकाशात (एखाद्या भागाचे चढउतार, नद्या, रस्ते बारकाईने दाखवणाऱ्या) समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, ‘व्ही’ दिसला की दरी, असं ठोकून देऊ नका. टोक चढाकडे असेल तर दरी, उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. त्यासाठी रेषांवरचे आकडे वाचावे लागतात, आणि तेच कोणी वाचत नाही. आधी चढाच्या दिशेने पेन्सिलीने बारीक बाण काढा, मग भूरूपाचं नाव लिहा. काळ्या रेषेने दाखवलेलं नदीपात्र कोरडं असतं, पाणी निळ्यात. त्या काळ्या रेषेला रस्ता समजू नका. सरावाला आपल्याच भागाचं पत्रक घ्या. पुणेकरांसाठी ते क्रमांक ४७ एफ/१४ चं.

नकाशाच्या आराखड्यात सूची (कोणतं चिन्ह कशाचं ते सांगणारी) विसरलात तर चिन्हं कितीही सुबक असोत, उपयोग नाही.

राहिला ‘भौगोलिक कारणे द्या’ हा प्रश्न. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि जवळच पूर्वेला असलेल्या पाचगणीला त्याहून कितीतरी कमी, असं का? ‘सह्याद्री ढग अडवतो’ एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धंच होतं. चढताना हवा थंड होते, बाष्पाचं सांद्रीभवन होतं म्हणजे त्याचे थेंब बनतात, घाटमाथ्यावर पाऊस पडतो. पलीकडे उतरताना तीच हवा तापते, सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेलं बाष्प) घटते, म्हणून पाऊस कमी. उतरत्या हवेचं वाक्य हमखास गळतं, आणि कारण विचारलेलं असतं नेमकं त्याचंच.