इंटर्नना हिस्ट्री (पेशंटला विचारून घ्यायची माहिती) घ्यायला शिकवताना: लिंगभाव आणि लैंगिकतेचं दीड तासाचं सत्र

लिंगभावावर व्याख्यान ठेवलं की इंटर्न माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत पहिला प्रश्न पुन्हा तोच: "लग्न झालंय का?" म्हणून स्लाइड्स बाजूला ठेवा आणि केसपेपर हातात द्या.

स्त्रीरोग विभागातले जुने आठ-दहा केसपेपर निवडा. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक खोडा. मार्करची काळी रेघ उजेडात धरली तर खालचं नाव वाचता येतं, त्यामुळे खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून तीच वाटा. बारा इंटर्न पुरेत.

पहिली वीस मिनिटं एकच काम: न विचारता, न तपासता नुसतं गृहीत धरून लिहिलेल्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. "अनमॅरिड" लिहून पुढे यूपीटी (लघवीची गर्भचाचणी) गाळलेला कागद हमखास सापडतो. त्यावर थांबा. पाळी लांबलेली, ओटीपोटात दुखतंय, आणि लग्न नाही म्हणून चाचणी नाही. मग गर्भनलिकेतला गर्भ फुटून बीपी पडेपर्यंत निदान होत नाही. शिष्टाचारापेक्षा हे उदाहरण इंटर्नना लवकर पटतं.

पुढची चाळीस मिनिटं तिघातिघांत सराव: डॉक्टर, पेशंट, सासू. खरी अडचण सासूबाईंना बाहेर काढण्याची असते. "तुम्ही जरा बाहेर जा" म्हटलं की त्या हटून बसतात आणि घरी गेल्यावर सुनेची उलटतपासणी होते. "तपासताना आम्ही सगळ्यांच्याच नातेवाइकांना बाहेर थांबवतो" हे वाक्य चालतं. डॉक्टर पुरुष असेल तर सिस्टर किंवा आयाबाई आत हव्यातच. मग: "हे मी सगळ्यांनाच विचारतो. शरीरसंबंध येतात का? पुरुषाशी, स्त्रीशी, की दोघांशी?" दुसऱ्या प्रश्नाला हशा पिकतो. रागावू नका, तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावा. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज सरळ होतो.

एका फेरीत पेशंट ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष) असू द्या. कुठल्या नावाने हाक मारायची ते आधी विचारा, तेच केसपेपरवर ठळक लिहा. ताप घेऊन आलेल्याला शस्त्रक्रियेबद्दल विचारणं ही निव्वळ भोचक चौकशी. मात्र गर्भाशयमुख असेल तर त्याच्या कर्करोगाची तपासणी त्यालाही लागते, हे शिकवायचं राहून जातं.

उरलेला वेळ कायद्याला. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही, तरी मागितली जाते. पालकाची सही लागते ती वय अठराच्या आत असेल किंवा स्त्री मनोरुग्ण असेल तर. बलात्काराच्या एमएलसीत (पोलिस प्रकरणाच्या वैद्यकीय तपासणीत) योनीत दोन बोटं घालून करायची चाचणी नको, "हॅबिच्युएटेड" (संबंधांची सवय असलेली) हा शब्दही नको: ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी करणं गैरवर्तन ठरवलंय. समलिंगी कल "बदलून" देण्याचे उपचारही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तनात घातले.

महिन्याने त्याच इंटर्नचे प्रत्येकी पाच केसपेपर मागवून लाल पेन पुन्हा चालवा. आणि सत्राला रेसिडेंटनाही (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांनाही) बसवा. इंटर्न लिहितो ते रेसिडेंट सांगतो तसंच.