पडद्यामागं राहून नवं नाटक उभं करायचंय?

बेळगाव-खानापूरकडच्या हौशी मंडळात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी भूमिका हवी असते. ती मिळाली नाही की चहा सांगणं आणि पडदा ओढणं पदरी पडतं. मी तिथंच रमलो. संहिता लिहून झाल्यापासून पहिला प्रयोग लागेपर्यंत लेखक-दिग्दर्शकाच्या पाठीशी राहणारा माणूस आपल्याकडे कुणी नेमत नाही, आणि खरी गरज त्याचीच असते. हे काम करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

वेळापत्रक हवामानावर आणि पोटापाण्यावर बसवा. जुलै-ऑगस्टात पत्र्याच्या हॉलवर पाऊस असा वाजतो की शेजारच्याचा संवाद कळत नाही. तेव्हा तालमीचा हट्ट नको, एखाद्याच्या घरी बसून मोठ्यानं वाचनं करा. उद्यमबागेत शिफ्टला जाणाऱ्या नटाची रात्रपाळी कधी आहे हे त्याच्याआधी तुम्हाला माहीत हवं. ऊसतोड लागली की गावाकडची पोरं गळतात, तेही धरून चाला.

सगळ्यात मोठं काम म्हणजे अर्धं नाटक दाखवणं. आपल्याकडे ओळखीच्यांना बोलावतात ते थेट रंगीत तालमीला. तोवर नेपथ्य बांधलेलं, थिएटरचं भाडं भरलेलं. मग आलेल्या सूचनांचा उपयोग फक्त लेखकाची झोप उडवायला. त्याऐवजी पहिला अंक बसला की, लाइट नाही, मेकअप नाही, अशा अवस्थेत मोजक्या लोकांना बोलवा. त्यात घरी कन्नड बोलणारा एक आणि कन्नडचा गंध नसलेला एक असूद्या. आपल्या पात्रांच्या तोंडी कन्नड वाक्यं सहज येतात. कोल्हापुरात प्रयोग लावायचा तर ती कुठं अडतात हे आत्ताच कळेल.

नंतरची चर्चा मात्र मोकळी सोडू नका. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 मध्ये यासाठी एक पद्धत बसवली, ती आपल्याला चांगली लागू पडते. आधी प्रेक्षकांनी मनात काय राहिलं तेवढंच सांगायचं. मग लेखकानं स्वतःचे प्रश्न विचारायचे. त्यानंतर प्रेक्षकांचे प्रश्न, पण त्यात मत दडवायचं नाही. ‘मुलगी उगाच घर सोडते, नाही का?’ हा प्रश्न नव्हे. ‘ती घर सोडते तेव्हा तुमच्या डोक्यात काय होतं?’ हा प्रश्न. मत शेवटी, तेही लेखक ‘सांगा’ म्हणाला तरच. पहिल्या रांगेतले ज्येष्ठ ‘आमच्या वेळेला...’ म्हणून सुरू होतात, तेव्हा ‘सर, तुमचं शेवटी घेतो’ असं हसत म्हणायची जबाबदारी तुमची. दिग्दर्शकाला ते जमत नाही, त्याला त्यांच्याकडूनच लेव्हल्स, म्हणजे स्टेजवर मांडायचे लाकडी चौथरे, आणायच्या असतात.

तालमीत नटानं घातलेला संवाद संहितेत राहिला, तर लेखक म्हणून कुणाचं नाव लागणार हे प्रयोगाआधी कागदावर आणा. लेखकाच्या निधनानंतरही 60 वर्षं हक्क चालतात. तोंडी ठरलेलं पहिल्या बक्षिसापर्यंत टिकतं.

पैशासाठी फक्त स्पर्धेकडे बघू नका. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अनुदानं देते आणि तिथं मराठीत अर्ज करता येतो. अर्जात कथानक भरू नका. काय शोधायचंय आणि ते कसं शोधणार, हे लिहा. हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेचं ‘तिरुगाट’ हे नाटकमंडळ 1985 पासून कर्नाटकभर फिरतंय. ते जवळपास आलं तर कन्नड म्हणून टाळू नका. दर मुक्कामाला नवं स्टेज असताना ते नेपथ्य कसं लावतात, हे आत जाऊन बघा.

आणि प्रत्येक वाचनाला घड्याळ लावा. जत्रेतलं नाटक पूर्वी पहाटेपर्यंत चालायचं. आता उघड्यावर रात्री 10 नंतर खास परवानगीशिवाय स्पीकर चालत नाही, आणि पालखी देवळात परतल्याशिवाय गावात नाटकाचा नारळ फुटत नाही. मधे उरतो तेवढ्या वेळात नाटक बसलं पाहिजे. काटछाट करायची ती वाचनाच्या वेळीच, पाठांतर झाल्यावर कुठलाही नट आपलं वाक्य सोडत नाही.