अलास्काच्या हिमनद्यांसाठी दिवसभराची बोटफेरी: मराठवाड्यातून जाणाऱ्यांनी ती कशी आखावी

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला असल्यामुळे उन्हाळ्यात तिकडे जाणारे आई-वडील लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे आता घरोघरी भेटतात. सिअ‍ॅटलपर्यंत पोहोचलेल्यांना तेथून विमानाने साडेतीन तासांवर असलेल्या अँकरेजला जाण्याचा मोह होतो. अलास्कातील हिमनद्या, धबधबे आणि देवमासे एकाच दिवसात पाहायचे असतील, तर अँकरेजहून दोन बंदरे सोयीची आहेत. एक व्हिटियर, सुमारे शंभर किलोमीटरवर. दुसरे सेवर्ड, सुमारे दोनशे किलोमीटरवर. कपडे, कॅमेरा आणि खाण्याची तयारी नंतर करता येते. आधी यांपैकी कोणते बंदर निवडायचे ते ठरवावे, कारण दिवस सुखाचा जाणार की डोके धरून बसण्यात जाणार, हे त्यावरच अवलंबून असते.

आपल्याकडे समुद्र नाही, आणि नाथसागराच्या संथ पाण्यात फेरफटका मारला असला तरी मोकळ्या समुद्राच्या लाटांचा अंदाज त्यावरून येत नाही. सेवर्डहून निघणारी बोट रिझरेक्शन खाडी ओलांडून थेट अलास्काच्या आखातात शिरते आणि मग केनाई फिओर्ड्स राष्ट्रीय उद्यानातील हिमनद्यांकडे वळते (फिओर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली अरुंद, खोल खाडी). हे उद्यान १९८० साली स्थापन झाले असून सुमारे १,८०० चौरस किलोमीटर पसरलेल्या हार्डिंग हिमक्षेत्रातून त्याच्या हिमनद्या खाली उतरतात. या वाटेवर हंपबॅक देवमासे, ओर्का (काळे-पांढरे ‘किलर व्हेल’), खडकांवर लोळणारे सी लायन आणि नारिंगी चोचीचे पफिन पक्षी दिसण्याची शक्यता जास्त असते, पण बोटही चांगलीच हलते. व्हिटियरहून जाणारी बोट प्रिन्स विल्यम साउंड या डोंगरांनी वेढलेल्या समुद्राच्या भागात फिरते. तेथे पाणी बहुधा शांत असते, आणि हिमनद्या व धबधबे अधिक दाटीने भेटतात. ज्यांना एस.टी.तही गाडी लागते आणि जे साठी ओलांडून पहिल्यांदाच बोटीत बसणार आहेत, त्यांनी व्हिटियर निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. देवमाशांसाठीच जायचे असेल, तर मात्र सेवर्डला पर्याय नाही.

सेवर्ड ठरवल्यास चार तासांची स्वस्त फेरी घेऊ नये. ती खाडीतच फिरून परतते आणि समुद्राला भिडलेल्या हिमनदीपर्यंत पोहोचतच नाही. सहा तासांची फेरी आयालिक किंवा होलगेट हिमनदीपर्यंत जाते. साडेआठ तासांची नॉर्थवेस्टर्न फिओर्डपर्यंत, जेथे गर्दी कमी असते.

हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. जूनमध्ये सुमारे एकोणीस तास उजेड राहतो आणि तरंगत्या हिमखंडांवर पिलांसह पहुडलेले सील दिसतात. ऑगस्टच्या अखेरीस पफिन समुद्रात दूर निघून जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी उशीर करू नये. धबधब्यांचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा आहे. सहस्रकुंड पावसावर फुगतो आणि पावसाबरोबर ओसरतो. तिकडचे बरेचसे धबधबे बर्फ वितळण्यावर चालतात, म्हणून ऐन उन्हाळ्यात, कोरड्या दिवशीही ते भरभरून वाहतात. पाऊस असेल तर आणखीच. व्हिटियरला वर्षाकाठी पाच मीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा अंदाजात पाऊस दिसला म्हणून फेरी रद्द करू नये. वारा जोराचा असेल तरच विचार करावा.

कपड्यांची खरेदी मे महिन्यात करायला निघालात, तर बेचाळीस अंशांत कोणत्याही दुकानात लोकरीची कानटोपी मिळणार नाही. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते स्वेटर घेऊन येतात, तेव्हाच टोपी, हातमोजे आणि जाड पायमोजे घेऊन ठेवावेत. गावात तापमान पंधरा अंश असले, तरी हिमनदीवरून येणारा वारा हाडांत शिरतो. एकच जाड कोट घालण्यापेक्षा आत उबदार बनियन, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर पाणी व वारा अडवणारे जाकीट अशी रचना ठेवावी. छत्री डेकवर निरुपयोगी आहे. साडी नेसण्याचा आग्रह असणाऱ्या आई-मावशींनी त्या एका दिवसापुरती उबदार विजार आणि कुर्ता स्वीकारावा, कारण वाऱ्यात पदर सावरायचा की कठडा धरायचा, असा प्रश्न उभा राहतो. बूट न घसरणाऱ्या तळव्यांचे हवेत.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही. ती निघण्यापूर्वी सुमारे तासभर आधी घ्यावी, आणि रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील, तर भारतातून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलवर नव्हे. उपाशी जाऊ नये. बहुतेक फेऱ्यांत जेवण मिळते, परंतु शाकाहारी जेवण तिकीट काढतानाच सांगावे लागते; तरीही लेकीच्या घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेणे शहाणपणाचे.

कॅप्टन ध्वनिक्षेपकावरून घड्याळाच्या भाषेत दिशा सांगतो: बोटीचे नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागची सहा, डावी नऊ. ‘दोन वाजता देवमासा’ असे ऐकल्यावर मनगटाकडे न पाहता उजवीकडे पुढे पाहावे. प्रथम दिसतो तो फवारा, मग पाठ. शेपूट पूर्ण वर आली, की देवमासा खोल बुडी मारतो आणि काही मिनिटे वर येत नाही. तेवढ्यात दुर्बिणीची काच पुसून घ्यावी. अलास्कात हंपबॅकपासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतर राखण्याचा नियम आहे. कॅप्टनला आणखी जवळ नेण्याचा आग्रह करू नये.

हिमनदीसमोर बोट बराच वेळ थांबते. घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फात प्रकाशाचा तांबडा भाग शोषला जातो, म्हणून तो निळा दिसतो, आणि ढगाळ दिवशी हा निळा अधिक गडद भासतो. कडा कोसळतो तो आधी दिसतो आणि आवाज सेकंद-दोन सेकंदांनी पोहोचतो. आवाज ऐकून वळणाऱ्याच्या वाट्याला फक्त उसळलेले पाणी येते. त्यामुळे जेथून बारीक तुकडे गळत आहेत, त्या जागेवर नजर खिळवून ठेवावी. कर्मचारी कधी कधी पाण्यातून हिमखंड उचलून आणतात. त्याचा तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाकून कान लावल्यास फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड ऐकू येते. बर्फात शतकांपूर्वी दाबून कोंडलेली हवा त्या वेळी सुटत असते.

परतीचे वेळापत्रक आधीच पाहावे. अँकरेजहून सकाळी निघणारी रेल्वे सेवर्डला अकराच्या सुमारास पोहोचते आणि सायंकाळी सहाच्या सुमारास परत निघते. या वेळेत सहा तासांचीच फेरी जेमतेम बसते. साडेआठ तासांची फेरी घ्यायची असल्यास आदल्या रात्री सेवर्डला मुक्काम करावा. व्हिटियरला मोटारीने जाताना चार किलोमीटरचा एकेरी बोगदा लागतो. त्यातून रेल्वे आणि मोटारी दोन्ही जातात, प्रत्येक दिशेला आळीपाळीने सोडले जाते, आणि एक खेप चुकली तर पुढच्या खेपेसाठी तासभर थांबावे लागते. बोटीच्या वेळेच्या किमान दीड तास आधी बोगद्याच्या तोंडाशी पोहोचावे.