घरातल्या रोजच्या गोळ्या: डबा भरायच्या आधी यादी नीट करा

सात खान्यांचा डबा आणा, मोबाइलला अलार्म लावा, हाच सल्ला सगळीकडे मिळतो. डबा चांगलाच आहे हो, पण त्यात काय भरायचं तेच चुकलं तर नको ती गोळी रोज न चुकता पोटात जाणार.

१. घरातली सगळी औषधं एका टेबलावर काढा. ड्रॉवरमधली, पर्समधली, उशाशी ठेवलेली, सगळी.

२. यादी करा. खरी गडबड इथेच होते, म्हणून हे घाईत उरकू नका. 'सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी' असली यादी मुळीच नको, कंपनी बदलली की रंग बदलतो. ब्रँडच्या नावावरही जाऊ नका. स्ट्रिपवर बारीक अक्षरात घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम असतं ते लिहायचं, वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा.

मला स्वतःला हे सुरुवातीला फार जड गेलं. बाबा हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा बीपीच्या जुन्या गोळ्या घरात होत्याच आणि डिस्चार्जच्या कागदावर सगळी नवीनच नावं, शेवटी दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी धरल्या तर जुनीवर ॲम्लोडिपिन ५ आणि नवीवर टेल्मिसार्टन ४० अधिक ॲम्लोडिपिन ५. दोन्ही दिल्या असत्या तर एकच औषध दुप्पट गेलं असतं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले जुनी बंद. तेव्हापासून ब्रँडपुढे 'एएम' किंवा 'एच' अशी अक्षरं दिसली की मी आधी आत दुसरं औषध आहे का ते बघते. 'एसआर', 'एक्सआर' म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी, ती विचारल्याशिवाय तोडायची नाही आणि चुरायची तर नाहीच.

असंच सर्दीच्या गोळीचं. तिच्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच, वर तापाची वेगळी घेतली की बेरीज वाढते. मोठ्या माणसाने दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचंच नाही, लिव्हरचा त्रास असेल तर मर्यादा आणखी कमी.

आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर यादीत वार मोठ्या अक्षरात लिहा. ती आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांनी काही बदललं की खाडाखोड नको. नवा कागद, वर तारीख, जुना फाडून टाका, बंद झालेली स्ट्रिप त्याच दिवशी बाजूला.

३. वेळा लिहा. थायरॉइडची थायरॉक्सिन उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर ४ तासांनी. डायबेटिसची मेटफॉर्मिन जेवणासोबत.

४. डबा आठवड्यातून एकदा, यादी समोर ठेवून भरा. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन मात्र मूळ बाटलीतच राहू दे.

५. डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. पुढची वेळ जवळ आली असेल तर बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत राहिलेली सोडून द्यायची, पण रक्त पातळ करणारी, फिट्सची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर अंदाज न करता डॉक्टरांना फोन करा.

६. बाथरूममध्ये औषधं नकोत, तिथे दमटपणा असतो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, पण फ्रीझरला चिकटून नको. गोठलं तर टाकून द्या, वितळल्यावरही वापरू नका.