परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत आयुर्वेदिक औषधं भरण्याआधी

पुण्यात सदाशिव पेठेत आमचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. जुलै-ऑगस्टात पोरं शिकायला निघाली की आया लांबलचक यादी घेऊन येतात आणि मी त्यातली निम्मी खोडते. राग येतो त्यांना. येऊ दे.

डबीवरचं नाव वाचून थांबू नका, मागची घटकांची बारीक यादी वाचा. पारद (म्हणजे पारा), कज्जली (पारा-गंधक), हिंगूळ (पाऱ्याचं खनिज), हरताळ (आर्सेनिकचं खनिज), नागभस्म (शिशाचं भस्म) यातलं काहीही दिसलं की डबी काउंटरवर परत. सूतशेखर, आरोग्यवर्धिनी या गोळ्या घरोघरी असतात, पण दोन्हींत पारा आहे. इथे वैद्यांच्या नजरेखाली घेणं वेगळं, तिकडे होस्टेलवर एकट्याने गिळणं वेगळं. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हे २००४ साली छापून आलं. २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची आहे खरी, पण तुमच्या बॅगेत जाते ती डबी आमच्या कपाटातली असते, निर्यातीची नव्हे.

आखातात जाणार असाल तर जास्तच जपा. जुलाबावरच्या जातिफलादि चूर्णात भांग असते. दुबईच्या विमानतळावर ‘हे औषध आहे हो’ म्हणून सुटका होत नाही. तिथे खसखससुद्धा चालत नाही, लाडवातलीही. आसव-अरिष्टांत, म्हणजे आंबवलेल्या पातळ औषधांत, अल्कोहोल असतं, शिवाय बाटली फुटली की सगळे कपडे काळे. ती इथेच ठेवा.

मग न्यायचं काय? त्रिफळा, खोकल्याचं सितोपलादि, फार तर तापाचं महासुदर्शन चूर्ण. महिनाभर पुरेल एवढंच, सीलबंद, बॅच नंबर आणि मुदत दिसेल असं. आजीने कुटून दिलेली पुरचुंडी नको. ऑस्ट्रेलियात मुळ्या, बिया, पानं प्रवेशाच्या वेळी भरायच्या कार्डावर लिहून दाखवावीच लागतात, लपवलं तर दंड. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ज्येष्ठमध रोज चघळू नये, त्याने बीपी वाढतं. आणि तिकडच्या डॉक्टरांना काय घेतो ते सांगायचं, लाजायचं काय त्यात?

‘अहो, पण तिकडेही आयुर्वेद आहे ना?’ आहे की! पुण्याच्याच टिळक आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. वसंत लाडांनी १९८४ साली न्यू मेक्सिकोत संस्था काढली. पण अमेरिकेत आयुर्वेदाला डॉक्टरकीचा परवाना नाही आणि या गोळ्या-चूर्णं आहारपूरक म्हणून विकली जातात. दिनचर्या, आहार विचारायला तिकडच्या आयुर्वेदवाल्यांकडे खुशाल जावं. ताप उतरत नसेल तर दवाखान्यात.

बिल डब्यांसोबतच ठेवा. मराठीतलं तिकडे कोण वाचणार, मागितलंत तर मी इंग्रजीत करून देते.